जुन्या फोर-बाय-फोरला ड्रमऐवजी डिस्क ब्रेक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी जीप, जुनी लँड रोव्हर किंवा लँड क्रूझर हाताशी असली की कधी ना कधी हा विषय निघतोच. बहुतेक प्रश्न 'कोणता कॅलिपर बसेल?' इथून सुरू होतात. आमच्या मते सुरुवात तिथून करू नये. ड्रम ब्रेकमध्ये शू आतून फिरत्या ड्रमला दाबतात, तर डिस्क ब्रेकमध्ये कॅलिपर फिरत्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने धरतो. कॅलिपर आणि डिस्क हे ब्रेकचं शेवटचं टोक आहे. पेडल, मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ऑइलच्या दाबात बदलणारा), बूस्टर (पायाच्या जोरात भर घालणारा), व्हॉल्व्ह, नळ्या आणि मागचे ब्रेक या सगळ्यांचा हिशेब नव्या डिस्कशी जुळला, तरच गाडी सरळ आणि खात्रीने थांबते. पुढची उत्तरं हाच हिशेब डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

ड्रम ब्रेक काढायलाच हवेत का?

नाही. नीट राखलेले ड्रम ब्रेक कोरड्या रस्त्यावर, मूळ मापाच्या टायरवर गाडी चांगली थांबवतात. 'ब्रेक लागत नाहीत' अशी तक्रार असलेल्या बऱ्याच गाड्यांत दोष ड्रमच्या रचनेत नसतो. गळका व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने शू ढकलणारा), ऑइलने भिजलेलं लायनिंग (शूवरचं घर्षणाचं अस्तर), अंडाकार झालेला ड्रम किंवा वर्षानुवर्षं न केलेलं अ‍ॅडजस्टमेंट, यांपैकी काहीतरी सापडतं. आधी चारही ड्रम उघडून बघा. हब किंवा अ‍ॅक्सलच्या सीलमधून तेल शूवर येत असेल, तर डिस्क बसवल्यावर तेच तेल पॅडवर येईल. तो दोष आधी काढावाच लागतो.

शू काढताना एक काळजी घ्या. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ हवेच्या दाबाने उडवू नका आणि कोरड्या ब्रशने झाडूही नका. ओली करून फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका.

मग डिस्कचा खरा फायदा कुठे होतो?

तीन ठिकाणी: पाण्यात, लांब उतारावर आणि मागे घसरताना.

ओढा ओलांडला की ड्रममध्ये पाणी शिरतं आणि तिथेच साचून राहतं. शू आणि ड्रमच्या मध्ये पाण्याचा थर असेपर्यंत पेडल कितीही दाबलं तरी गाडी पुढे जात राहते. त्यातही एका चाकाचा ड्रम आधी सुकला, तर ब्रेक लावताच गाडी त्या बाजूला ओढते. डिस्क उघडी असते. फिरताना ती पाणी बाहेर फेकते आणि उरलेलं पॅड पुसून काढतात.

लांब उतारावर प्रश्न उष्णतेचा असतो. ड्रम तापला की प्रसरण पावतो आणि शूपासून दूर सरकतो, त्यामुळे पेडल खाली खाली जाऊ लागतं. डिस्क तापली की जाड होते, म्हणजे पॅडकडेच सरकते. शिवाय तिला दोन्ही बाजूंनी वारा लागतो, म्हणून ती लवकर निवते.

तिसऱ्या फायद्याबद्दल फारसं बोललं जात नाही, पण चढावर गाडी चालवणाऱ्यांसाठी तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. अनेक जुन्या गाड्यांच्या पुढच्या ड्रममध्ये दोन्ही शू 'लीडिंग' असतात. लांब चासीच्या सिरीज लँड रोव्हरमध्ये ही रचना होती. पुढे जाताना ड्रमच्या फिरण्याने दोन्ही शू आपोआप ड्रमकडे ओढले जातात आणि ब्रेक जोरात लागतो. गाडी मागे जाऊ लागली की तेच शू उलट ड्रमपासून दूर ढकलले जातात आणि ब्रेकची ताकद बरीच घटते. आता खडा चढ डोळ्यांसमोर आणा. अर्ध्यावर इंजिन बंद पडलं, गाडी मागे घसरू लागली आणि वजन मागच्या चाकांवर गेलं. नेमक्या त्याच वेळी पुढचे ब्रेक कमजोर पडतात. डिस्कला पुढे-मागे असा भेद नाही. दोन्ही दिशांना ती सारखीच धरते.

मूळ कंपन्यांनी कधी बदल केला?

१९७० मध्ये आलेल्या पहिल्या रेंज रोव्हरला चारही चाकांना डिस्क होत्या. फोर्ड ब्राँकोला पुढच्या डिस्क १९७६ च्या मॉडेलपासून मिळाल्या, तर जीप सीजेला त्या १९७७ मध्ये. लँड रोव्हरच्या सिरीज गाड्या शेवटपर्यंत ड्रमवरच चालल्या. १९८३ च्या वन-टेनला पुढे डिस्क आणि मागे ड्रम आले. हे सांगण्याचं कारण व्यवहाराचं आहे. तुमच्या गाडीच्याच घराण्यातल्या पुढच्या मॉडेलला कारखान्यातून डिस्क मिळाली असेल, तर त्या मॉडेलचे हब, स्टब अ‍ॅक्सल (ज्यावर हब फिरतं तो आस), कॅलिपर आणि मास्टर सिलिंडर आधी तपासा. एकमेकांसाठीच बनवलेले भाग एकत्र मिळाले, तर निम्मी गणितं कारखान्यानेच सोडवलेली असतात.

फक्त पुढे बदलू की चारही चाकांना?

फक्त पुढे, असं आमचं स्पष्ट मत आहे. ब्रेक लावताना वजन पुढे झुकतं आणि थांबवण्याचं बहुतेक काम पुढची चाकं करतात. पुढे डिस्क आणि मागे नीट अ‍ॅडजस्ट केलेले ड्रम ही जोडी बहुतेक गाड्यांना पुरते. मागे हात घालण्याआधी हँडब्रेकचा विचार करा.

मागे डिस्क बसवली तर हँडब्रेकचं काय?

हँडब्रेक मागच्या शूवर चालत असेल, तर ड्रम काढताच तो जातो. मग मुख्यतः दोन मार्ग उरतात. एक, हँडब्रेकची यंत्रणा आतच असलेला कॅलिपर. दुसरा, मधल्या टोपीसारख्या भागात छोटा ड्रम असलेली डिस्क, ज्यात बारीक शू फक्त हँडब्रेकसाठी असतात. दुसरा प्रकार चढावर जास्त भरवशाचा. पहिल्यात केबलचा ताण आणि पॅडची झीज यांच्याकडे सतत लक्ष द्यावं लागतं.

विलीज जीप आणि सिरीज लँड रोव्हरसारख्या गाड्यांचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सच्या) मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. तिथे मागे डिस्क बसवणं सोपं जातं. पण त्या हँडब्रेकची मर्यादा ओळखून राहा. तो शाफ्ट धरतो, चाकं नाही. फोर-व्हील लागलेलं नसताना मागचं एक चाक जॅकवर उचललं, की डिफरन्शियलमुळे ते चाक मोकळं फिरतं आणि जमिनीवरचं दुसरं चाकही फिरू शकतं. हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी जॅकवरून सरकते. चाकांना ओट (अडवणारे ठोकळे) लावल्याशिवाय अशी गाडी उचलू नका.

जुना मास्टर सिलिंडर ठेवला तर चालेल का?

जवळजवळ कधीच नाही. बहुतेक अर्धवट बदल इथेच फसतात, म्हणून हे उत्तर थोडं लांबवतो.

पहिलं कारण दाबाचं. ड्रममध्ये शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच ओढला जातो आणि पायाच्या जोरात भर पडते. डिस्कमध्ये अशी फुकटची मदत नाही, पॅड फक्त ऑइलच्या दाबाने दाबला जातो. म्हणून डिस्कला नळीत बराच जास्त दाब लागतो. समजा पायाचा जोर ३० किलो आहे आणि पेडलचं लिव्हर प्रमाण ६ ला १ आहे. मास्टर सिलिंडरवर १८० किलो येतात. सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) २५.४ मिलिमीटर असेल तर दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे ३५ किलो होतो. तोच बोअर २२.२ मिलिमीटर असेल तर सुमारे ४६ किलो. म्हणजे बोअर लहान केला की दाब वाढतो, पण तेवढंच ऑइल ढकलायला पेडल जवळपास ३० टक्के जास्त खाली जातं. बोअर निवडताना दाब आणि पेडलचा प्रवास दोन्ही सांभाळावे लागतात. मोठा बोअर लावला की पेडल लाकडासारखं कडक लागतं आणि गाडी थांबत नाही. अनेकजण त्या कडकपणालाच 'चांगला ब्रेक' समजतात. तो चांगला ब्रेक नव्हे.

दुसरं कारण आत लपलेलं असतं. ड्रमसाठी बनवलेल्या बऱ्याच मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी रेसिड्युअल व्हॉल्व्ह असतो. व्हील सिलिंडरचे कप घट्ट बसून राहावेत म्हणून पेडल सोडल्यावरही तो नळीत सुमारे १० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाब धरून ठेवतो. ड्रमला चालतं, कारण शूच्या स्प्रिंगा मजबूत असतात. डिस्कच्या पॅडला मागे ओढणारी अशी स्प्रिंग नसते. तो दाब डिस्कच्या नळीत राहिला तर पॅड सतत घासत राहतात, हब तापतं आणि बेअरिंगचं ग्रीस वितळून वाहतं.

तिसरं कारण टाकीचं. पॅड झिजत जातात तसा कॅलिपरचा पिस्टन बाहेर येतो आणि त्यामागे ऑइल भरत राहतं. ड्रमच्या छोट्या टाकीत एवढं ऑइल मावत नाही. पॅड अर्धे झिजले की पातळी तळाशी जाते.

चौथं कारण जिवाचं आहे. जुन्या गाड्यांत चारही चाकांना मिळून एकच सर्किट असतं. एक होज फुटला की सगळे ब्रेक जातात. एवढं काम काढलंच आहे तर पुढचं आणि मागचं सर्किट वेगळं करणारा डबल मास्टर सिलिंडर बसवाच. आमच्या लेखी या सगळ्या कामातली सर्वांत मोलाची सुधारणा हीच आहे, डिस्कपेक्षाही.

मास्टर सिलिंडर पायाखाली, चासीला बसवलेला आहे. काही वेगळं करावं लागतं का?

हो. तो कॅलिपरच्या पातळीच्या खाली असेल तर उभ्या गाडीत ऑइल हळूहळू टाकीकडे परत उतरतं, पिस्टन मागे सरकतात आणि पहिलं पेडल पोकळ जातं. अशा वेळी डिस्कच्या नळीत २ पीएसआयचा वेगळा रेसिड्युअल व्हॉल्व्ह लावतात. मागे ड्रम असतील तर त्या नळीला १० पीएसआयचा. शक्य असेल तर मास्टर सिलिंडर फायरवॉलवर घ्या. ऑइल बघणं, भरणं सोपं होतं आणि चिखल-पाण्यापासून तो दूर राहतो.

बूस्टर लावावाच लागतो का?

हलक्या, छोट्या चाकांच्या जीपला योग्य बोअर आणि योग्य पेडल प्रमाण असेल तर बूस्टरशिवायही भागतं. जड गाडी किंवा मोठे टायर असतील तर लावा.

लावण्याआधी व्हॅक्यूम कुठून येणार ते ठरवा. पेट्रोल इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डमधून तो मिळतो. डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये पुरेसा व्हॅक्यूम तयार होत नाही, तिथे वेगळा व्हॅक्यूम पंप हवा. काही डिझेल इंजिनांत तो अल्टरनेटरच्या मागेच जोडलेला असतो. उंच डोंगरात हवा विरळ होते, तशी बूस्टरची मदतही घटते. आणि इंजिन बंद पडल्यावर बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन वेळा ब्रेक लावण्यापुरताच असतो. म्हणून उतारावर इंजिन बंद पडलं तर पेडल पुन्हा पुन्हा मारू नका. एकदाच दाबा आणि धरून ठेवा.

बूस्टर आणि मास्टर सिलिंडर यांच्या मधल्या पुशरॉडची लांबी मोजून जुळवा. रॉड किंचित लांब राहिला तर मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि ऑइल टाकीत परत जाण्याचं बारीक छिद्र झाकलेलंच राहतं. ऑइल तापून फुगतं, त्याला वाट मिळत नाही आणि काही किलोमीटरांत ब्रेक आपोआप जाम होतात. गार झाले की सुटतात, म्हणून दोष सापडायला वेळ लागतो.

प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह कशासाठी?

मागच्या ब्रेकचा दाब कमी करून मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक होऊ नयेत यासाठी. आता नळीत दाब वाढला आहे आणि मागचे ड्रम अजूनही स्वतःची ताकद स्वतः वाढवणारे आहेत. जोरात ब्रेक लावल्यावर मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडीची शेपटी फिरते. आखूड व्हीलबेसच्या गाडीत हे इतकं झटकन होतं की सावरायला वेळच मिळत नाही.

मागच्या नळीत हाताने फिरवता येणारा व्हॉल्व्ह लावा. मोकळ्या, सपाट जमिनीवर कमी वेगात जोरात ब्रेक लावून बघा आणि बाहेर उभ्या माणसाला चाकांकडे लक्ष ठेवायला सांगा. पुढची चाकं आधी लॉक व्हायला हवीत, मागची त्यानंतर लगेच. गाडी भरलेली असताना आणि रिकामी असताना ही मोजणी बदलते. रिकाम्या गाडीवर जुळवणं जास्त सुरक्षित.

माझी चाकं नव्या ब्रेकवर बसतील का?

मोजल्याशिवाय काही विकत घेऊ नका. कॅलिपर ड्रमपेक्षा बाहेर येतो आणि रिमच्या आतल्या बाजूला घासू शकतो. चाकाचा व्यास पुरेसा असला तरी ऑफसेट (चाकाच्या मध्यरेषेपासून हबवर बसणाऱ्या तोंडाचं अंतर) नडतो. रिमच्या आत चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनंही कॅलिपरला लागतात, तेही बघा. डिस्क हबच्या पुढे बसत असेल तर तिच्या जाडीइतकं चाक बाहेर सरकतं आणि बोल्टवर नटला पकड कमी मिळते. नट त्याच्या पूर्ण लांबीने बोल्टवर चढत नसेल तर लांब बोल्ट घाला. वॉशर रचून जागा भरणं चालणार नाही.

टायर मोठे केले आहेत. फरक पडतो?

पडतो. २८ इंची टायर काढून ३३ इंची लावला तर तेवढीच गाडी थांबवायला चाकावर सुमारे १८ टक्के जास्त ब्रेकची ताकद लागते. शिवाय जड टायर फिरता थांबवायलाही ताकद खर्च होते. मोठ्या टायरमुळेच ब्रेक कमी पडत असतील तर मोठ्या व्यासाची डिस्क घ्या.

कॅलिपर धरणारा ब्रॅकेट वर्कशॉपमध्ये बनवून घेता येईल का?

चांगला टर्नर आणि योग्य पोलाद असेल तर येईल. पण ब्रेकचा सगळा जोर या ब्रॅकेटवर येतो, हे विसरून चालणार नाही. गॅसने कापून, वेल्डिंगचे तुकडे जोडून केलेला ब्रॅकेट आम्ही कुणालाही सुचवणार नाही. बोल्ट १०.९ ग्रेडचे घ्या आणि टॉर्क रेंचने आवळा.

फसगत होते ती बोल्टच्या लांबीत. बॅकप्लेट (ड्रममागची, शू धरणारी प्लेट) काढली आणि तिच्या जागी पातळ ब्रॅकेट आला, तर जुना बोल्ट आट्यांच्या तळाला टेकतो. पान्याला तो घट्ट लागतो, पण ब्रॅकेट मात्र आवळलेला नसतो. उलट ब्रॅकेट जाड असेल तर बोल्टचे जेमतेम चार आटे धरतात. पोलादात बोल्टच्या व्यासाइतकी तरी पकड हवी. प्रत्येक बोल्ट बाहेर काढून मोजा.

हबच्या तोंडावर डिस्क बसणार असेल तर ते तोंड लेथवर साफ करून घ्या. गंजाचा बारीक थरसुद्धा डिस्क वाकडी फिरवतो आणि पेडल पायाखाली थरथरतं. बेअरिंग नीट आवळल्यावर डायल गेज लावून बघा. डिस्कचं डोलणं सर्वसाधारणपणे ०.१ मिलिमीटरच्या आत असावं. बेअरिंग उघडलेलीच आहेत तर धुऊन नवं ग्रीस भरा आणि सील नवीनच घाला.

नळ्या आणि होज कोणते?

नळी पोलादाची किंवा तांबे-निकेल मिश्रधातूची घ्या. शुद्ध तांब्याची नळी सततच्या कंपनाने कडक होऊन तडकते. टोकं डबल फ्लेअर केलेली (दुहेरी दुमडून पसरवलेली) हवीत. पाण्याच्या नळाला वापरतात तसले कॉम्प्रेशन जोड ब्रेकला कधीही लावू नका. कॅलिपरच्या बँजो बोल्टला (होज जोडणाऱ्या पोकळ बोल्टला) दोन्ही बाजूंना तांब्याचे नवे वॉशर घाला.

होजची लांबी गाडी जमिनीवर उभी असताना ठरवू नका. चासी उचलून अ‍ॅक्सल पूर्ण लोंबू द्या, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि होज कुठे ताणतो, कुठे टायरला घासतो ते पाहा. दगडांत एक चाक हवेत आणि दुसरं आत दबलेलं असताना होज तुटला, तर ब्रेक नेमका हवा तेव्हाच जातो.

हवा कितीही काढली तरी पेडल स्पंजसारखं का राहतं?

सगळ्यात आधी कॅलिपरचे ब्लीडर निपल (हवा काढण्याचे स्क्रू) बघा. ते कॅलिपरच्या सगळ्यात वरच्या भागात असायला हवेत. डावा कॅलिपर उजवीकडे बसला की निपल खाली येतात, वर अडकलेली हवा निघत नाही आणि लिटरभर ऑइल वाया जातं. निपल जागेवर असतील तर मागचे ड्रम अ‍ॅडजस्ट आहेत का ते बघा. शू लांब राहिले की पेडल खाली जातं आणि दोष नव्या डिस्कला दिला जातो. नवा मास्टर सिलिंडर गाडीवर चढवण्याआधी टेबलावर व्हाइसमध्ये धरून त्यातली हवा काढा.

ब्रेक ऑइल कोणतं?

डॉट ४. कोरडं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असतो, पाणी शोषल्यावर १५५. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. ही ऑइलं हवेतली ओल शोषतात, म्हणून पाण्यातून जाणाऱ्या गाडीत दर एक-दोन वर्षांनी ऑइल बदला. डॉट ५ सिलिकॉनचं असतं. ते यांत मिसळू नका. डॉट ५.१ मात्र डॉट ४ च्याच जातीचं आहे. कॅलिपरच्या सरकत्या पिनांना ब्रेकसाठीचंच ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन अडकतात.

पहिल्यांदा गाडी बाहेर काढताना काय तपासावं?

इंजिन बंद ठेवून पेडल जोरात दाबा आणि मिनिटभर धरा. ते हळूहळू खाली गेलं तर कुठेतरी गळतंय किंवा मास्टर सिलिंडर आतून सोडतोय. बूस्टर असेल तर पेडल तीन-चार वेळा मारून दाबून ठेवा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं म्हणजे बूस्टर काम करतोय. मग चाकं उचलून हाताने फिरवा, ती मोकळी फिरायला हवीत.

त्यानंतर मोकळ्या जागेत ताशी ५० वरून १० पर्यंत मध्यम जोराने काही वेळा वेग कमी करा. मध्ये थोडं अंतर चालवून डिस्क निवू द्या. गाडी पूर्ण थांबवून पेडल दाबून उभी राहू नका, तापलेल्या पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो. परत आल्यावर चारही हबांजवळ हात नेऊन कोणतं जास्त तापलंय ते पाहा आणि सगळे बोल्ट पुन्हा तपासा.

डिस्क बसवली की देखभाल संपली का?

चिखलात चालणाऱ्या गाडीची तर अजिबात नाही. रेताड चिखल पॅड आणि डिस्क दोन्ही झपाट्याने झिजवतो. आतल्या पत्र्याच्या शील्डमध्ये खडा अडकला की कर्कश आवाज येतो आणि डिस्कवर चरा पडतो. खराब रस्त्यावरून आलात की पाण्याने कॅलिपर आतून धुवा आणि पॅडची जाडी बघा. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. तिच्या खाली गेली की ती बदलायची.

कागदपत्रांचं काय?

ब्रेकमधला बदल हा अनेक देशांत नोंदवण्याजोगा फेरफार मानला जातो. काम सुरू करण्याआधी वाहन नोंदणी कार्यालय आणि विमा कंपनी, दोघांनाही लेखी विचारा. वापरलेल्या भागांची बिलं, बोल्टची ग्रेड आणि कामाचे फोटो जपून ठेवा. तपासणीच्या वेळी ते लागतात, आणि पुढे कधी दुसऱ्या मेकॅनिकला पॅड किंवा सील बदलायचं झालं, तर कोणत्या गाडीचा कॅलिपर बसवला आहे हे त्याला त्यावरूनच कळतं.